बाजूने पाहिलेले पाणी

मी, हबीब वल्द रहमत, वय अदमासे बासष्ट, धंदा कल्हई व टिनकाम, राहणार पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ, आज गुरुवार, दिनांक ३ नोव्हेंबर १९६६ रोजी हे मृत्युपत्र तोंडाने सांगतो आणि फुलचंद अर्जनवीस ते लिहून घेतात. नवसागराच्या धुराने माझी छाती गेली आहे, डोके गेलेले नाही. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही, आणि सकाळपासून चहाशिवाय दुसरे काही पोटात गेलेले नाही. फुलचंदजींचे म्हणणे, मृत्युपत्रात मोजके लिहावे. मी म्हटले, मी काय तार करायला बसलो आहे? ते हसले आणि त्यांनी जास्तीचे कागद काढले.

कलम १. माझ्या मागे बायको हुस्नाबी, मुलगा वाहिद आणि उमरखेडला दिलेली मुलगी रौशन, एवढे वारस आहेत. दागिने हुस्नाबीचे स्वतःचे आहेत, त्यांना कोणी हात लावू नये. घर, पोस्टातली रक्कम आणि बाकी जे निघेल, त्याचे वाटे शरियतने आधीच पाडून ठेवले आहेत. त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. माणसाला स्वतःच्या मर्जीने द्यायला शरियतने तिसरा हिस्सा मोकळा सोडला आहे, तोही वारस नसलेल्या माणसासाठी. हे मृत्युपत्र त्या तिसऱ्या हिश्श्यापुरते आहे. खरे सांगायचे तर एका काचेच्या टाकीपुरते आणि एका माणसापुरते आहे.

कलम २. भाता, सांडश्या, कात्र्या आणि उरलेले कथील वाहिदच्या वाट्यातच धरावे, जास्तीचे म्हणून नव्हे. त्याला त्याचा काही उपयोग नाही. तो हमरस्त्यावर ट्रकची इंजिने उघडतो. घरोघरी स्टीलची भांडी आल्यावर कल्हईवाल्याच्या पोराने दुसरे काय करावे? माझी तक्रार नाही. फक्त भाता मोडीत घालू नये. मात्र याच वाहिदने एकदा माझी काचेची टाकी बॅटरीच्या ॲसिडसाठी मागितली होती, हेही येथे लिहून ठेवावे. मी ते विसरलेलो नाही.

कलम ३. टाकीचे वर्णन. लांबी अडीच हात, रुंदी आणि उंची सव्वा सव्वा हात. चारी बाजूंना जाड काच, तळाला शहाबादी फरशी, लोखंडी पट्ट्यांची चौकट. बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीपाशी सागवानी पाटावर ठेवलेली. तिच्यात पाणी, माती, वाळू, झाडे, मासे आणि गोगलगाई आहेत. फुलचंदजी विचारतात, मासे किती? मला मोजता येत नाहीत, कारण ते थांबत नाहीत. शिवाय या पावसाळ्यात पिल्ले झाली आहेत.

ही टाकी कशी आली ते सांगतो. सत्तावन साली मी डोळे दाखवायला नागपूरला गेलो होतो. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बाकासमोर काचेची पेटी होती. तिच्यात हिरवी झाडे पाण्यात उभी होती आणि झाडांमधून मासे जात-येत होते. मी जन्मभर पाणी पाहत आलो, पण वरून. विहिरीवर वाकून, नदीत उभा राहून, घंगाळात हात घालून. पाणी बाजूने कसे दिसते हे मला पन्नाशी उलटल्यावर त्या बाकावर बसून कळले. आत एक पूर्ण मुलूख होता. त्याला जमीन होती, जंगल होते, वर त्याचे स्वतःचे चकाकणारे आभाळ होते, आणि तिथल्या रहिवाशांना माझी खबरही नव्हती. कंपाउंडरने माझ्या नावाने दोनदा हाक मारली, मी उठलो नाही. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "हबीबभाई, एवढं चांगलं दिसून राह्यलं तं डोये दाखवायले कायले आले?"

घरी येऊन मी कामाला लागलो. एका दुकानाचे जुने कपाट मोडले होते, त्याच्या काचा घेतल्या. चौकट स्वतः केली. सांध्यांना खडू आणि अळशीचे तेल मळून केलेली लांबी भरली आणि ती सुकण्याआधीच पाणी ओतले. दुपारपर्यंत सगळे पाणी हुस्नाबीच्या चुलीपाशी पोचले. ती म्हणाली, "टाकी बनवून राह्यले का चाळणी?" दुसऱ्या खेपेला लांबीत शेंदूर घातला, महिनाभर सुकू दिले, मग तीन वेळा पाणी भरून फेकले, म्हणजे तेलाचा आणि शेंदराचा कस निघून जातो. ज्याला पुन्हा लांबी भरावी लागेल त्याने हे ध्यानात ठेवावे. घाई केल्यास मासे मरतात.

टाकी गळायची थांबली तरी मासे मरतच होते. मी नाल्यातून बोटभर लांबीचे, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले मासे आणायचो आणि ते आठ दिवसांत उलटे तरंगायचे. तेव्हा धर्मपाल आला.

धर्मपाल उकंडा मुनेश्वर. छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला आणि तेव्हाच त्याने हे नाव घेतले. त्याच्या घराण्याने गावची मेलेली ढोरे ओढण्याचे काम त्याच दिवशी सोडले. तो सडकेवर खडी फोडायचा आणि कामासाठी कोसकोस चालायचा, त्यामुळे इथला एकूण एक नाला त्याच्या ओळखीचा होता. बायकोच्या, म्हणजे कौसल्याच्या पातेल्याला कल्हई करायला तो माझ्या दारात बसला होता. टाकीकडे पाहून म्हणाला, "चाचा, मासे निऱ्या पान्यात नाही जगत. त्याहिले झाडोरा लागते."

पुढच्या रविवारी तो ओल्या पोत्यात गुंडाळून झाडे घेऊन आला. दोन जातींची होती. एक झिरमिळ्या पानांची, दुसरी लांब पट्टीसारख्या पानांची. त्या दुसरीला आम्ही रिबीन म्हणू लागलो, खरे नाव दोघांनाही ठाऊक नव्हते. तळाला नाल्यातल्या गाळाचा बोटभर थर दिला. त्यावर खुनी नदीची वाळू सात वेळा धुऊन चार बोटे घातली. नदीच्या नावावर जाऊ नये, वाळू फार चांगली आहे. मुळे वाळूत दाबून वर खडे ठेवले. पाणी ओतताना वाळूवर बशी ठेवली, म्हणजे खड्डा पडत नाही. दोन दिवसांत पाणी दुधासारखे पांढरे झाले. मी ते उपसायला निघालो तर धर्मपालने माझा हात धरला. "हात नका लावू, चाचा. पानी आपलं आपण निवळते."

दहाव्या दिवशी सकाळी निवळले. खिडकीतून ऊन तिरपे आत आले होते आणि प्रत्येक पानाच्या काठावरून बारीक बारीक बुडबुडे सुटून ओळीने वर चालले होते. कोणी फुंकत नव्हते, कोणी ढवळत नव्हते. माझ्या तोंडून सुबहानल्ला निघाले. धर्मपालने देव सोडले होते, त्यामुळे तो काही म्हणाला नाही. मांडी घालून टाकीसमोर बसला. मग हळू बोलला, "झाड श्वास घेऊन राह्यलं, चाचा. आपल्याले दिसून राह्यलं." त्या दिवशी तो कामावर गेला नाही आणि मी दुकान उघडले नाही.

यानंतर आम्ही दोघांनी काय काय पाहिले ते सगळे लिहायला फुलचंदजींकडे कागद पुरणार नाहीत. तरी एक लिहितो. दुसऱ्या वर्षी रिबीनच्या मुळापासून एक धागा निघाला, मळसूत्रासारखा पीळ असलेला. रोज थोडा थोडा उलगडत वर आला आणि पाण्याच्या बरोबर पातळीला येऊन थांबला. टोकाला तांदळाच्या कणीएवढे पांढरे फूल होते. मी मुद्दाम चार बोटे पाणी वाढवले. दुसऱ्या दिवशी धागा तेवढाच आणखी उलगडला आणि फूल पुन्हा पाण्यावर. पाणी कुठवर आले आहे हे त्या धाग्याला कोणी सांगितले? मी पाच वक्त नमाज पढणारा माणूस आहे, पण एवढा थक्क मी त्याआधी झालो नव्हतो, हे मला कबूल आहे.

कलम ४. माझा गुन्हा. हे कलम लिहिताना फुलचंदजींनी माझे शब्द सौम्य करू नयेत.

टाकीची बातमी पसरली. बाजाराला आलेली माणसे, पार बाभुळगावकडचे पाहुणेसुद्धा, बघायला येऊ लागली. आपल्याकडे गाडी नदीवरून गेली की माणूस तांब्याचा पैसा पाण्यात टाकतो आणि हात जोडतो. काचेतली नदी पाहून बायाबापड्यांनी तेच केले. पहिला पैसा मात्र माझा होता. टाकी लागली त्या दिवशी बरकतीसाठी मीच टाकला. पैसे वाळूत रुतत गेले. मी ते काढले नाहीत, कारण लोक माझ्या टाकीला हात जोडतात याचा मला फार गर्व होता.

विहिरीच्या पाण्याने काचेवर पांढरा थर धरायचा. म्हणून साठ सालच्या पावसाळ्यात मी छपराच्या कवेलूंवरून पडणारे पावसाचे पाणी धरून टाकीत घालायला लागलो. थोड्या दिवसांनी गोगलगाई काचेवरून सुटून खाली पडल्या. तिसऱ्या दिवशी मासे. एकही वाचला नाही. झाडे तशीच हिरवीगार. त्याच आठवड्यात धर्मपालने नवी झाडे आणून लावली होती. माझ्याशिवाय टाकीत हात घालणारा तो एकटाच.

तो बाजाराचा दिवस होता. धर्मपाल बळीरामच्या चहाच्या दुकानावर चहा पीत उभा होता. मी भरल्या बाजारात जाऊन ओरडलो, "जनावराले जहर घालायची तुमच्या लोकांची खोड अजून गेली नाही काय?" जुन्या काळी गावात ढोर मेले की याच लोकांवर आळ घेत, तो आळ मी उचलून त्याच्या तोंडावर मारला. आणि त्याला त्याच्या जुन्या नावाने हाक मारली, जे तो नागपूरला टाकून आला होता. ते नाव मी या कागदावर लिहू देणार नाही. धर्मपालने कप खाली ठेवला आणि निघून गेला.

त्या महिन्यात गावच्या विहिरीवरच्या पंपाचे काम त्याला मिळायचे होते, पक्के महिन्याचे काम. लोक म्हणाले, ज्याच्यावर जहराचा आळ आहे त्याला पाण्यावर कसे ठेवायचे? ते काम दुसऱ्याला गेले. तो आजही खडी फोडतो.

मी टाकी रिकामी करून वाळूसकट परसात टाकून दिली. चौसष्ट साली हुस्नाबीने भांडी घासायला ती वाळू चाळली आणि चाळणीत मूठमूठ पैसे आले. काही झिजून पातळ झालेले, काहींचे काठ कुरतडलेले. मी खाली बसलो. मग दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत पावसाचे पाणी आणि दोन दोन गोगलगाई. एका बरणीत तांब्याचा पैसा टाकला. तिसऱ्या दिवशी त्या बरणीतल्या दोन्ही मेल्या. दुसरीतल्या काचेवर चढत होत्या. विहिरीच्या जड पाण्यात पैसा टाकून पाहिला, तर त्यातल्या पुष्कळ दिवस टिकल्या. म्हणजे तांबे विहिरीच्या पाण्यात दबून राहिले होते आणि पावसाच्या पाण्यात सुटले.

जहर माझ्या पैशाने सुरू झाले होते. चाळीस वर्षे मी लोकांच्या तांब्याला कथील लावून त्यांना तांब्यापासून वाचवले. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे मी गिऱ्हाइकांना दटावून सांगत आलो. आणि माझ्याच टाकीत तांबे पडलेले मला दिसत होते, पण माझा संशय माणसावर गेला.

त्यानंतर मी टाकी पुन्हा लावली. झाडे स्वतः नाल्यात उतरून आणली. धर्मपालने शिकवले तसेच सगळे केले. पण त्याला जाऊन सांगितले नाही. दोन वर्षे झाली. सडकेवर तो खडी फोडताना दिसला की मी दुसऱ्या बाजूने जातो. मला लाज वाटते.

कलम ५. ही टाकी, तिच्यातल्या सर्व जीवांसह, मी धर्मपाल उकंडा मुनेश्वर याला देतो. तिच्यावर त्याच्याइतका हक्क कोणाचाही नाही. भरलेली टाकी उचलता येत नाही, म्हणून त्याची मर्जी असेपर्यंत ती आहे तिथेच राहील. बाहेरच्या खोलीत यायला त्याने वाहिदला विचारायची गरज नाही. वाहिदने त्याच्यासाठी दार उघडे ठेवावे आणि बसायला पाट द्यावा.

त्याला सांगायची गरज नाही, पण घरच्यांसाठी लिहितो. आठवड्यातून एकदा तिसरा भाग पाणी काढून तेवढेच नवे घालावे, अर्धे विहिरीचे, अर्धे पावसाचे. नवे पाणी एक दिवस मातीच्या माठात ठेवलेले असावे. तांब्यापितळेचे भांडे टाकीजवळ आणू नये. साबणाचा हात आत घालू नये. चिमूटभरच खायला घालावे, जे उरते ते सडते. ऊन दोन तासांपेक्षा जास्त लागले तर पडदा ओढावा, नाहीतर काचेवर शेवाळ चढते. आणि पैसा टाकायला कोणी आले तर त्याला हात जोडून थांबवावे.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या बाजारी कलम ४ बळीरामच्या दुकानासमोर, मी जेथे उभा राहून बोललो त्याच जागी, मोठ्याने वाचावे. वाहिदने वाचावे.

[कलम ६ मी स्वतः खोडले आहे. कारण पुढे देतो. निशाणी म्हणून शेजारी सही केली आहे. – हबीब]

हे कलम लिहून झाले आणि साक्षीला बोलावलेल्या बळीरामने टाक खाली ठेवला. हुस्नाबी आतून सगळे ऐकत होती. ती दारात आली आणि म्हणाली, "जिंदा असतानी जबान चालली. माफी मागायले मरायची वाट काहून पाहून राह्यले?"  मी फुलचंदजींना सांगितले, कागद बांधून ठेवा, सोमवारी पुरे करू.

पुढील मजकूर सोमवार, दिनांक ७ नोव्हेंबरला सांगितला.

शनिवारी बाजार होता. वाहिदने मला धरून नेले, कारण चालताना दम लागतो. धर्मपाल आणि कौसल्या कांदे घेत होते. मी बळीरामच्या दुकानासमोर त्याच जागी उभा राहिलो आणि कलम ४ मध्ये आहे ते सगळे बोललो. पैसे, बरण्या, गोगलगाई, दोन वर्षांची माझी लाज, सगळे. मधे खोकला आला, तेव्हा थांबलो आणि पुन्हा बोललो. लोक जमले होते. साठ साली ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण होते, काही मरून गेले आहेत, त्यांच्यापर्यंत मी पोचू शकत नाही.

धर्मपालने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "झालं तुमचं? आता नाव घ्या माहं. पुरं." मी त्याचे पूर्ण नाव मोठ्याने घेतले. कौसल्या रडत होती. तो कांद्यांची पिशवी उचलून गेला.

काल, रविवारी सकाळी, तो दारात आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वाहिदने, माझ्या सांगण्यावाचून, उठून "या, काका" म्हटले आणि पाट मांडला. धर्मपाल पाटावर बसला नाही. टाकीसमोर उकिडवा बसला आणि काचेला नाक लागेल इतका वाकून बाजूने पाहू लागला. ऊन आत आले होते. पानांवरून बुडबुडे निघत होते आणि या वर्षीची पिल्ले रिबीनमधून एकदम वळत होती. तो किती वेळ पाहत होता ते मला सांगता येणार नाही, चुलीवरचा चहा आटून गेला. मग त्याने मातीच्या माठातल्या पाण्याने हात धुतला, बाही वर सरकवली आणि मुळासकट वर आलेले एक झाड दोन बोटांनी वाळूत पुन्हा रोवले. मी बाजूला बसून रडत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

हात पुसत तो म्हणाला, "टाकी इथंच राहू द्या, हबीबभाई. हालवली तं मरते सारं. मी दर ऐतवारी येईन." पूर्वी तो मला चाचा म्हणत असे. मी म्हटले, फुलचंदजी उद्या येत आहेत, मृत्युपत्र पुरे करायचे आहे, त्यात तुझ्या बाजूने काय लिहू? तो दारापर्यंत गेला होता, तिथून वळला.

"येतो म्हणून लिहा. पण माफ केलं असं नका लिहू. तेवढं माह्यापाशी राहू द्या."

कलम ७. सबब, वर कलम ५ मध्ये दिलेली टाकी माझ्या मृत्यूची वाट न पाहता कालपासूनच धर्मपाल उकंडा मुनेश्वर याच्या मालकीची झाली आहे आणि माझ्या वारसांचा तिच्यावर काही हक्क नाही. धर्मपालने मला माफ केले आहे असे या कागदात कोठेही लिहिलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या वारसांपैकी किंवा बाहेरच्या कोणी तसे सांगितले, तर ते खोटे समजावे.

येथवरचा मजकूर फुलचंदजींनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. मी दोन ठिकाणी थांबवून दुरुस्त करवला. आता तो माझाच आहे, म्हणून खाली सही करतो.

हबीब वल्द रहमत (सही)

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. बळीराम, चहाचे दुकान, पांढरकवडा (सही). दोन्ही वेळा बाजारात हजर होतो.
२. बापूजी, शेजारी, माजी शाळामास्तर (सही)

लिहिणार: फुलचंद, अर्जनवीस (सही)

मुक्काम पांढरकवडा, सोमवार, दिनांक ७ नोव्हेंबर १९६६